पोर्क चॉप : कुकरमधून ओव्हनकडे

ख्रिसमस जवळ आला की वसईच्या गावांत आणि गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत डुकराचं मांस शिजू लागतं. सोरपोतेल दोन-तीन दिवस आधीच करून ठेवतात, कारण व्हिनेगरमध्ये मुरेल तशी त्याची चव चढते. विंदालू होतो, ईस्ट इंडियन घरांत बाटली मसाल्याचा रस्सा होतो, गोव्याच्या बाजारात चोरिसांच्या माळा लटकतात. हे पदार्थ अप्रतिम आहेत, आणि त्यांची चव बरीचशी चरबीवर उभी आहे. पोटाकडचं किंवा खांद्याचं मांस, मंद आच आणि भरपूर वेळ. सणाला ते हवंच. पण आठवड्यातल्या एखाद्या साध्या रात्रीसाठी याच जनावराचा वेगळा भाग वेगळ्या रीतीने शिजवता येतो, याकडे आपल्या स्वयंपाकघरांचं फारसं लक्ष गेलेलं नाही. पाठीच्या कण्यालगतचा तो भाग म्हणजे चॉप. मटणाच्या दुकानात त्याला चाप म्हणतात. भरपूर भाज्यांसोबत ओव्हनमध्ये भाजलेला चॉप हे पोर्क खाणाऱ्या घरांसाठी प्रकृतीच्या हिशेबानेही चांगलं जेवण आहे. त्याला आडवे येतात ते दोन जुने समज.

पहिला समज चरबीचा. डुकराचं मांस म्हणजे नुसती चरबी, हे वाक्य दवाखान्यात आणि लोकलच्या डब्यात सारख्याच खात्रीने बोललं जातं. ते अर्धंच खरं आहे. पोटाकडच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात ५० ग्रॅमहून अधिक चरबी असते. बेकन बहुधा याच भागाचं बनतं. चॉपच्या कडेचा पांढरा पट्टा कापून टाकला, तर शिजलेल्या १०० ग्रॅम मांसात चरबी साधारण आठ ते दहा ग्रॅम भरते आणि प्रथिनं २५ ग्रॅमच्या आसपास मिळतात. कातडी काढलेल्या कोंबडीच्या मांडीचा हिशेबही याच्या जवळपासच येतो. चॉपमधली बरीचशी चरबी कडेलाच असल्यामुळे ती सुरीने काढता येते. पोटाच्या मांसात ती थराथरांत असते, ती काढायला बसलं तर हाती फारसं काही उरत नाही. शिवाय पोर्क हा थायमिनचा, म्हणजे ब१ जीवनसत्त्वाचा, उत्तम स्रोत आहे. ८५ ग्रॅम चॉपमधून दिवसाच्या गरजेचा सुमारे तिसरा हिस्सा मिळतो. तांदूळ पॉलिश केला की हेच जीवनसत्त्व सर्वात आधी निघून जातं. गोव्याच्या उकड्या तांदळात ते बरंच टिकतं. पण शहरांत गेलेल्या ज्या घरांनी उकडा सोडून पांढरा तांदूळ धरला, त्यांच्यासाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे.

या समजाला आरोग्याखेरीज आणखीही मुळं आहेत, हे मोकळेपणाने बोललं पाहिजे. महाराष्ट्रात डुकरं पाळण्याचं काम वडार, कैकाडी अशा समाजांच्या वाट्याला आलं. ज्यांच्याकडे तुच्छतेने पाहिलं गेलं, त्यांच्या ताटाकडेही तसंच पाहिलं गेलं. धर्मामुळे किंवा आवडीमुळे ज्यांना हे मांस वर्ज्य आहे त्यांचा प्रश्न वेगळा, आणि त्यांच्या निर्णयाचा आदरच व्हायला हवा. पण नाक मुरडण्याला आहारशास्त्राचं नाव देणं चूक आहे.

दुसरा समज भीतीतून आलेला आहे, आणि ती भीती एके काळी अगदी रास्त होती. १८३५ साली लंडनमध्ये जेम्स पॅजेट या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शवविच्छेदन करताना मानवी स्नायूंत बारीक कृमी दिसले. पुढे १८६० मध्ये जर्मनीत फ्रीड्रिख झेंकर यांनी एका तरुणीच्या मृत्यूचा संबंध तिने खाल्लेल्या कच्च्या डुकराच्या मांसाशी जोडून दाखवला. ट्रिकिनेला नावाच्या या कृमीच्या धास्तीने युरोप-अमेरिकेत पोर्क करकरीत होईपर्यंत शिजवण्याची रीत पडली. पुढे डुकरांना खरकटं आणि कचरा घालणं कमी झालं, गोठे सुधारले, आणि तिथल्या पाळीव डुकरांत हा रोग दुर्मीळ होत गेला. मे २०११ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने अखंड तुकड्यांसाठीचं सुरक्षित तापमान ७१ अंश सेल्सिअसवरून ६३ अंशांवर आणलं. अट एवढीच, की भाजल्यावर तुकडा तीन मिनिटं तसाच ठेवायचा. खिम्याला ही सवलत नाही, कारण पृष्ठभागावरचे जंतू दळताना आतपर्यंत मिसळतात. खिम्यासाठी आजही ७१ अंशच.

भारतात अधिक बोललं जातं ते फीतकृमीबद्दल. ‘डुकराचं मांस खाल्लं की मेंदूत किडे होतात’ ही समजूत घराघरांत आहे. त्यातला वैद्यकीय तपशील मात्र बहुतेकांना ठाऊक नसतो. कृमीचे कोष असलेलं कच्चं मांस खाल्लं तर आतड्यात फीतकृमी वाढतो. मेंदूत कोष होतात ते मात्र या कृमीची अंडी पोटात गेल्यामुळे, आणि ती अंडी बाधित माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, मातीत, भाजीवर, न धुतलेल्या हातांवर येतात. म्हणूनच जन्मभर शाकाहारी राहिलेल्या माणसालाही हा आजार होतो, आणि फिटचं निदान करताना डॉक्टरांना तो ध्यानात ठेवावा लागतो. यातून घरासाठी दोन कामं निघतात. मांस आतपर्यंत पुरेसं तापलं पाहिजे, आणि भाजी वाहत्या पाण्याखाली नीट चोळून धुतली पाहिजे. दुसऱ्या कामाकडे आपण कमी लक्ष देतो. कच्ची कोबी आणि गाजराची कोशिंबीर करताना तर ते विसरून चालणारच नाही.

मग आपल्या घरात तापमान किती धरायचं? मांस तपासणी होणाऱ्या कत्तलखान्यातलं आणि बंदिस्त गोठ्यात वाढलेल्या डुकराचं आहे अशी खात्री असेल तर ६३ अंश आणि तीन मिनिटांची विश्रांती. उघड्यावर फिरणाऱ्या डुकराचं असण्याची शंका असेल तर ७१ अंश. मुलं, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध जेवायला असतील तरी ७१च बरं. रंगावर मात्र अजिबात विसंबू नये. पूर्ण शिजलेलं पोर्कही कधी मध्यभागी गुलाबी दिसतं, आणि पांढरं दिसणारं आतून थंड असू शकतं. मांसात खुपसायचा डिजिटल थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. कढया, तवे आणि बिडाची भांडी हौसेने घेणाऱ्या घरात तो नसावा, हे नवल आहे.

कुकरचा मुद्दा इथेच येतो. आपल्याकडे मांस शिजलं म्हणजे ते हाडापासून सुटलं पाहिजे, आणि त्यासाठी शिट्ट्या. खांद्याच्या मांसाला हे न्याय्य आहे. तो स्नायू सतत राबतो, त्यात चिवट तंतू भरपूर असतात, आणि दीर्घकाळ ओलसर आचेवर ते विरघळून मांस मऊ होतं. पाठीचा स्नायू फारसा राबत नाही. तो मुळातच मऊ असतो, विरघळण्यासारखं त्यात थोडंच असतं. तापमान सत्तरीच्या पुढे गेलं की त्याची प्रथिनं आकसतात आणि आतलं पाणी पिळून बाहेर येतं. कुकरमधून निघालेला चॉप म्हणूनच वातड लागतो, आणि तो गिळता यावा म्हणून मग चरबीयुक्त दाट रस्सा करावा लागतो. ज्या भागात चरबी कमी म्हणून तो निवडला, त्यात ती अशी मागल्या दाराने परत येते.

ओव्हनमध्ये हे टळतं. चार जणांसाठी हाडासकट सुमारे दोनशे ग्रॅमचे, एक इंच जाडीचे चार चॉप घ्यावेत. जाडी महत्त्वाची आहे. अर्ध्या इंचाचा तुकडा बाहेरून रंग येण्याआधीच आतून सुकतो. कडेची चरबी पातळ रेघेइतकी ठेवून बाकीची काढावी आणि त्या कडेला दोन-तीन ठिकाणी चीर द्यावी, नाहीतर आचेवर ती आकसून चॉप वाटीसारखा वळतो. चोळायला लसूण, मिरपूड, हळद, दोन चमचे माडाचं व्हिनेगर, थोडं तेल आणि चारही चॉप मिळून पाऊण छोटा चमचा मीठ. गोव्याची चव हवी असेल तर बांगड्यात भरतात तो रेशाद मसाला पातळ थरात लावावा. त्याचं आणि पोर्कचं फार चांगलं जमतं. तयार मसाल्यात मीठ असतंच, तेव्हा वरून घालू नये. जागतिक आरोग्य संघटनेने माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितलं आहे आणि ते एका छोट्या चमच्यात संपतं. मसाला लावलेले चॉप तासभर फ्रिजमध्ये पुरे. रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवले तर वरचा थर भुसभुशीत होतो.

भाज्या ही इथे सजावट नव्हे. ताटाचा मोठा भाग त्यांचाच असायला हवा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत दोन हजार कॅलरींच्या आहारासाठी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत. नेहमीच्या जेवणात, वरणभातासोबत दोन पळ्या भाजी घेऊन, हा आकडा गाठणं कठीण जातं. ट्रेवर मात्र माणशी पाव किलो भाजी सहज लागते, कारण भाजताना पाणी उडून ती आकसते. गाजर, रताळं, लाल भोपळा, नवलकोल यांच्या इंचभर फोडी आधी वीस मिनिटं भाजाव्यात. मग सिमला मिरची, कांदा, फरसबी, फ्लॉवरचे लहान तुरे त्यांत मिसळावेत आणि चॉप ठेवावेत. सगळ्या भाज्यांना मिळून एक मोठा चमचा तेल पुरतं. ते अगदीच टाळू नये, कारण गाजर-भोपळ्यातलं कॅरोटीन शरीरात शोषलं जायला थोडं स्निग्ध लागतं.

आपल्याकडच्या ओटीजीची खरी अडचण जागेची असते. वीस-तीस लिटरच्या ओव्हनमध्ये एका ट्रेवर चौघांचं सगळं कोंबलं की भाजी भाजली जात नाही, स्वतःच्याच वाफेत शिजते आणि गिळगिळीत होते. दोन ट्रे करावेत किंवा दोन वेळा लावावं. ओव्हन दोनशे अंशांवर, वरची आणि खालची दोन्ही कॉइल चालू ठेवून, पूर्ण तापल्याशिवाय आत काही ठेवू नये. इंचभर जाडीच्या चॉपला साधारण पंधरा ते वीस मिनिटं लागतात. पण प्रत्येक ओव्हनची आच वेगळी, म्हणून बाराव्या मिनिटापासून थर्मामीटर बाजूने मधोमध, हाडाला न टेकवता, खुपसून पाहावा. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट वेगळे असावेत, आणि उरलेला मुरवणीचा मसाला शिजलेल्या मांसावर ओतू नये. मांस नळाखाली धुण्याची आपली सवयही सोडायला हवी, कारण उडणाऱ्या तुषारांनी जंतू ओट्यावर पसरतात. ही सूचना अनेक घरांत पटणार नाही. तरीही ती बरोबर आहे.

एवढी बाजू मांडल्यावर मर्यादाही तितक्याच ठामपणे सांगायला हवी. १९८७ पासून अमेरिकेतल्या डुक्करपालकांच्या संघटनांनी ‘दुसरं पांढरं मांस’ अशी पोर्कची जाहिरात चालवली. ती जाहिरातच होती. पोषणशास्त्राच्या दृष्टीने पोर्क हे लाल मांस आहे. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाल मांसाला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं, आणि सॉसेज, बेकन, हॅम यांसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाला थेट ‘कर्करोगकारक’ ठरवलं. प्रक्रिया केलेलं मांस रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असं तिचं अनुमान आहे. जागतिक कर्करोग संशोधन निधीचा सल्ला आठवड्याला शिजलेलं लाल मांस ३५० ते ५०० ग्रॅमच्या पुढे न नेण्याचा आहे, आणि त्यात मटणही मोजायचं आहे. आठवड्यातून एकदा चॉप या मर्यादेत आरामात बसतो. रोजच्या नाश्त्याचं सॉसेज बसत नाही. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांचंच ऐकावं.

शेवटी प्रश्न दुकानाचा. मुंबई-पुण्यात अजूनही अनेक ठिकाणी पोर्क ‘हाडासह’ आणि ‘हाडाविना’ एवढ्याच दोन नावांनी विकलं जातं. कोणता भाग, जनावर कुठे वाढलं, कुठे कापलं, याचा पत्ता नसतो. परवाना देणाऱ्या नगरपालिकांनी ही माहिती दुकानात लावणं सक्तीचं करावं, कारण त्याविना घरातला थर्मामीटर अर्धंच काम करू शकतो. ग्राहकांनीही नुसतं ‘अर्धा किलो पोर्क द्या’ म्हणणं सोडावं. पाठीचा भाग, एक इंच जाडीचा, चरबी काढून, असं स्पष्ट मागावं, मांस कोणत्या कत्तलखान्यातून आलं ते विचारावं, आणि उत्तर मिळालं नाही तर दुसरं दुकान गाठावं.