चेंबरखालचा जाळ

डिसेंबर लागला की गोंदियाच्या राईस मिलांच्या आवारात आणि देवरीकडच्या ढाब्यांपुढे पहाटे एक प्रकार हमखास दिसतो. धान भरलेली गाडी सेल्फ घेत नाही. क्लीनर चिंध्या गोळा करतो, डिझेलमध्ये बुडवून सळईला गुंडाळतो आणि पेटवून इंजिनाच्या चेंबरखाली धरतो. चेंबरमध्ये ऑइल, चेंबरवर वर्षानुवर्षांचा तेलकट थर, शेजारून गेलेली वायरिंग आणि डिझेलचे पाइप, मागे टनांनी धान. हा जाळ बंद झाला पाहिजे. आणि तो बंद करण्याची जबाबदारी ड्रायव्हरची नाही, गाडीमालकाची आहे.

मालक मंडळींपैकी काही जण हल्ली विचारतात, थंड देशांत इंजिनाला विजेचा हीटर लावतात, तो आपल्याकडे बसवला तर? प्रश्न रास्त आहे. गोंदियाची थंडी काही लटकी नाही. विदर्भातल्या सर्वांत कमी तापमानाच्या यादीत आपलं नाव वारंवार वर असतं आणि पारा सात-आठ अंशांवर येणं नवलाचं राहिलेलं नाही. २९ डिसेंबर २०१८ ला तर नागपुरात ३.५ अंश नोंदले गेले होते. तरीही माझं उत्तर ‘नको’ असंच आहे.

हा ब्लॉक हीटर म्हणजे इंजिनाच्या पाण्यात बसवलेला, बादलीत पाणी तापवायच्या रॉडसारखाच एक रॉड. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात अँड्र्यू फ्रीमन या वीज अभियंत्याने १९४० च्या दशकात तो घडवला. कॅनडातल्या एडमंटन, विनिपेग अशा शहरांत गाड्या उभ्या करायच्या जागी विजेचे पॉइंटच असतात. निघण्यापूर्वी दोन-तीन तास हीटर चालू ठेवायचा. तिथे त्याच्यावाचून चालत नाही, याला कारण आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सोळा-सतरा पट दाबली की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. उणे तीस अंशांत गारठलेलं लोखंडच ती उष्णता पिऊन टाकतं, ऑइल काकवीइतकं घट्ट होतं आणि नेमकी त्याच वेळी बॅटरीची ताकद गेलेली असते. तिन्ही गोष्टी एकदम अंगावर येतात.

आपल्याकडे सात अंशांत धडधाकट डिझेल इंजिन हीटरशिवाय सुरू होतं, व्हायलाच हवं. ऑइलचंच बघा. ‘१५डब्ल्यू-४०’ मधल्या १५डब्ल्यू ऑइलचा घट्टपणा उणे २० अंशांना तपासलेला असतो, २०डब्ल्यूचा उणे १५ ला. आपल्या कडाक्याच्या पहाटेहूनही हे वीस-पंचवीस अंशांनी खाली आहे. म्हणजे कंपनीने सांगितलेलं ऑइल वेळेवर बदललं असेल, तर ते आडवं येत नाही. वेळ उलटून गेलेलं, काजळीने जड झालेलं ऑइल मात्र येतं.

मग गाडी अडते कुठे? बहुतेक वेळा बॅटरीवर. शून्य अंशाला बॅटरीची सेल्फ फिरवायची ताकद सुमारे एक तृतीयांशाने घटते. सात-आठ अंशांतही बरीच घट होते. नव्या बॅटरीला हे जाणवत नाही, चार उन्हाळे सोसलेल्या बॅटरीला जाणवतं. त्यात आपला धानाचा हंगाम. खरेदी केंद्रातून मिलमध्ये, मिलमधून गोदामात, सगळ्या जवळच्या फेऱ्या. दिवसातून कितीदा तरी सेल्फ मारायचा, पण बॅटरी भरून निघेल इतकी गाडी सलग चालतच नाही. मग गोदामापुढे रांग. गाडी उभीच, पण केबिनमधला दिवा, गाणी, मोबाइलचं चार्जिंग चालू. ट्रकमध्ये बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात; एक गेली की तेवढीच बदलायची काटकसर सर्रास चालते. जुनी बॅटरी नवीलाही खाली ओढते आणि वर्षाच्या आत दोन्ही जातात. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर आणि चेसिसला सैल झालेली अर्थिंगची पट्टी, ही तर पाना आणि गरम पाण्याची कामं. तीही राहून जातात.

दुसरा दोष आपल्या उन्हाळ्यातून येतो, आणि त्यावर कोणी बोलत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला आणि इंजिन तापू लागलं की गॅरेजमध्ये एक इलाज ठरलेला असतो : थर्मोस्टॅट वॉल्व्ह काढून टाकायचा. इंजिनाचं पाणी साधारण ऐंशी अंशांपर्यंत तापेस्तोवर तो वॉल्व्ह ते रेडिएटरकडे जाऊ देत नाही. इंजिन लवकर तापावं हेच त्याचं काम. तो काढला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं. उन्हाळा कसाबसा निघतो, मूळ दुखणं, म्हणजे चोंदलेला रेडिएटर आणि कूलंटऐवजी भरलेलं बोअरिंगचं पाणी, तसंच राहतं. आणि डिसेंबरात तेच इंजिन कोहमाऱ्यापासून देवरी आली तरी पुरतं तापत नाही. डिझेल जास्त खातं, धूर सोडतं, आतून झिजतं. ज्या गाडीतून तिचा स्वतःचा वॉल्व्ह काढून फेकला, तिला विजेचा हीटर लावण्यात काय अर्थ आहे?

सकाळी सुरू होणार नाही या धास्तीने गाडी रात्रभर चालूच ठेवण्याची सवयही याच दुखण्यातून लागते. उभा ट्रक तासाला दोन-तीन लिटर डिझेल जाळतो. बीएस-६ गाडीत त्याची काजळी धुराच्या फिल्टरमध्ये साचते आणि तो चोंदतो. सकाळी सुरू केल्यावर ब्रेकची हवा भरेपर्यंत थांबावंच लागतं. इंजिनाला तेवढा वेळ पुरतो. पुढचे काही किलोमीटर बेताने चालवावं. केबिन बंद करून आत कोळशाची शेगडी ठेवणं तर झोपेतच जीव घेतं. शेगडीतून निघणाऱ्या विषारी वायूला ना रंग ना वास. ड्रायव्हरला दोन जाड ब्लँकेटं देणं मालकाला जड नसावं.

उत्तरेकडचं भाडं घेणाऱ्यांना वेगळं सांगायला हवं. आपल्याकडच्या हिवाळी डिझेलला फिल्टरमधून वाहण्याची ६ अंशांची मर्यादा घातलेली आहे. तीच टाकी भरून बर्फाळ मुलखात गेलं तर डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर अडतो, आणि तिथे ब्लॉक हीटरही काही करू शकत नाही, कारण तो इंजिन तापवतो, टाकी नाही. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं डिझेल आणलं, ते याचसाठी. रॉकेल मिसळायचा जुना तोडगा आजच्या पंपांना आणि इंजेक्टरांना मारक आहे.

जिल्ह्यात हा हीटर शोभेल ती जागा एकच, रुग्णालयाचा जनरेटर. वीज गेल्यावर त्याला काही सेकंदांत पूर्ण भार उचलायचा असतो. तापायला सवड नसते.

ट्रकमालकांकडे माझं मागणं साधं आहे. दिवाळीनंतर, हलक्या धानाची आवक सुरू झाली की एक दिवस गाडी गॅरेजला द्या. बॅटऱ्या भार टाकून तपासून घ्या, बदलायच्या तर जोडीने बदला, थर्मोस्टॅट परत बसवा, ऑइल आणि डिझेल फिल्टर बदला. जाळामुळे वायरिंग पेटलं तर ड्रायव्हरच्या पगारातून कापू नका. मिलवाल्यांनीही आवारात एक चार्जर आणि जाड केबलची जोडी ठेवावी. बारा व्होल्टच्या पिकअपवरून चोवीस व्होल्टचा ट्रक सुरू होत नाही, म्हणून केबल ट्रकवरूनच लावायची, हे चौकीदारालाही सांगून ठेवावं.