सायकल बंद करा म्हणण्यापूर्वी

ओपीडीत काही सल्ले आपण इतक्या सवयीने देतो की त्यांना आधार काय, हे तपासायचे राहून जाते. ‘मीठ कमी करा’ याला आधार आहे. ‘आता सायकल बंद करा’ याला कोणता? नांदेडच्या डॉक्टर लेनपासून लातूरच्या अंबाजोगाई रोडपर्यंत हे वाक्य सर्रास ऐकू येते. गुडघा दुखला, सायकल बंद. स्टेंट पडला, सायकल बंद. टेम्पोने कट मारून पाडले, तर टाके घालता घालताच आपण सांगून टाकतो, बंद. त्याच आठवड्यात साखर वाढलेल्या चाळिशीतल्या बँक अधिकाऱ्याला मात्र आपणच उत्साहाने सायकल घ्यायला लावतो. दोन्ही वेळा एक प्रश्न विचारायचा राहतो : कोणत्या रस्त्याने, आणि किती वाजता?

शरीराचा हिशेब तसा सरळ आहे. कोपनहेगनमधल्या तीस हजारांवर स्त्रीपुरुषांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. कामावर सायकलने जाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण, इतर व्यायाम आणि धूम्रपान वगैरे गोष्टी हिशेबात धरूनही, सुमारे २८ टक्के कमी निघाले. २०१७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ब्रिटनच्या बायोबँकेतल्या २ लाख ६३ हजार लोकांची आकडेवारी आली. तिथे हा फरक ४१ टक्क्यांचा होता आणि हृदयविकाराच्या बाबतीत ४६ टक्क्यांचा. हे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. जो मुळात धडधाकट असतो तोच सायकल चालवतो, ही शंका त्यांतून पूर्णपणे जात नाही. तरी इतक्या मोठ्या संख्येत एकाच दिशेने येणारा फरक नुसत्या शंकेने पुसताही येत नाही.

परदेशातले आकडे आपल्याला काय कामाचे, असे म्हणणाऱ्यांसाठी घरचा अभ्यासही आहे. लखनौ, नागपूर, हैदराबाद आणि बंगळुरू इथल्या कारखान्यांतले कामगार, त्यांचे जोडीदार आणि गावाकडची भावंडे यांची पाहणी करणाऱ्या ‘इंडियन मायग्रेशन स्टडी’तून २०१३ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. कामावर सायकलने जाणाऱ्यांत उच्च रक्तदाबाचे प्रमाण खासगी वाहनाने जाणाऱ्यांच्या जवळपास निम्मे होते आणि मधुमेहाचे सुमारे एक तृतीयांशाने कमी. एकाच वेळी घेतलेली ही पाहणी आहे, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ती ठामपणे सांगू शकत नाही. पण आयसीएमआरच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत आणि प्रौढांपैकी ३५ टक्क्यांवर लोकांना उच्च रक्तदाब आहे. अशा देशातल्या डॉक्टरने हा निष्कर्ष दुर्लक्षून चालणार नाही.

आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरोडा नाक्यावरून वजिराबादला किंवा लातूरच्या खाडगाव रोडवरून गंजगोलाईत कामाला येणारा माणूस जाऊन-येऊन रोज चाळीस मिनिटे पायडल मारत असेल, तर पाच दिवसांतच त्याची २०० मिनिटे भरतात. वेगळा वेळ नाही, जिमची फी नाही. ताशी १६ किलोमीटरच्या आत सावकाश चालवली तर चार मेट, त्याहून थोडी वेगात असेल तर साडेसहाच्या पुढे. स्थिर हृदयरुग्णाला ट्रेडमिलवर जे जमते त्यावरून त्याला किती वेगाची मुभा द्यायची हे ठरवता येते. गुडघ्याचे म्हणाल तर, आयुष्यात सायकल चालवलेल्यांत संधिवाताची लक्षणे कमीच आढळतात, असे २०२४ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसले. आपल्याकडे पुढून दुखणाऱ्या गुडघ्याचे कारण बरेचदा सीट असते. दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून ती इतकी खाली घेतलेली असते की गुडघा कधी सरळच होत नाही. टाच खालच्या पायडलवर ठेवली तर पाय जवळपास ताठ व्हायला हवा, एवढे सांगून आणि सायकल दुकानातल्या पान्याने अनेकांचे काम भागते. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी पहाटे निघू नये. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, चक्कर, पिकलेला मोतीबिंदू असेल तर मात्र खरोखर विचार करावा. ‘बंद’ हा शब्द या मोजक्या लोकांसाठी राखून ठेवावा.

आता जोखीम. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१० साली मोटार सोडून सायकल धरणाऱ्याचा जमाखर्च मांडला. व्यायामाने ३ ते १४ महिन्यांचे आयुष्य वाढते, जास्तीच्या प्रदूषित हवेने ०.८ ते ४० दिवस जातात, अपघातांमुळे ५ ते ९ दिवस. जमेची बाजू अनेक पटींनी जड. हवेपुरता हा हिशेब आपल्याकडेही फारसा बिघडत नाही. २०१६ च्या एका गणितानुसार सूक्ष्म धूलिकण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असले, तरी रोज दीड तासाच्या पुढे सायकल चालवल्यावरच तोटा फायद्यापेक्षा जास्त होतो. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत लातूर आहे, हे खरे. रस्त्याची धूळ ही लातूरकरांची जुनी तक्रार आहे. पण रोज चाळीस मिनिटांच्या सायकलीला धुळीची भीती घालण्याइतकी ती मोठी नाही. दम्याच्या रुग्णाला मुख्य रस्ता सोडून गल्लीतून जायला सांगितले तरी पुष्कळ होते.

बिघडतो तो अपघातांचा रकाना. डचांचे ते पाच ते नऊ दिवस डच रस्त्यांवरचे आहेत. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ४४.५ टक्के दुचाकीस्वार, १९.५ टक्के पादचारी, आणि सायकलस्वार सुमारे तीन टक्के. हा तीन टक्क्यांचा आकडा दाखवून सायकल सुरक्षित आहे म्हणणे घाईचे ठरेल, कारण किती माणसे किती किलोमीटर सायकल चालवतात हे त्यात नाही. पण उलटा अर्थही निघतो. सायकल धोक्याची म्हणून सोडायला लावलेला आपला रुग्ण पुढे जातो कशावर? मोटरसायकलवर. म्हणजे मरणाऱ्यांच्या सर्वात मोठ्या गटात आपण त्याला नेऊन बसवतो, आणि व्यायामही काढून घेतो.

धोका सगळीकडे सारखा नाही, म्हणूनच रस्ता विचारायचा. तुळजापूरहून औसा, लातूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडकडे येणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग चौपदरी झाला आणि लातूर-नांदेड प्रवास सोपा झाला, यात शंका नाही. रुग्ण हलवणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याची किंमत कळते. पण ज्याचे घर एका बाजूला आणि शेत दुसऱ्या बाजूला, त्याला मधल्या दुभाजकातला कट लांब पडतो. मग दुधाची कॅन लावलेली सायकल उलट्या बाजूने येते. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताची शक्यता सुमारे चार टक्क्यांनी वाढते, हे जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र या रस्त्यावर त्या दूधवाल्याच्या वाट्याला येते. त्यात गाळप हंगाम. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, उसाची टोके दोन्हीकडून बाहेर आलेली, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. अंधारात त्या ट्रॉल्यांना ओलांडणारी जीप ज्या कडेला सरकते, नेमकी तिथेच सायकल असते. दिवाळीनंतर मार्चपर्यंत या पट्ट्यातल्या कोणाही सायकलस्वाराला संध्याकाळी सहानंतरच्या महामार्गाबद्दल वेगळे सांगायला हवे.

शहरातला धोका निराळा. लातूरला शिकवणीची मुले सायकलींवरून झुंडीने निघतात. रेणापूर नाका, पाच नंबर चौक, राजीव गांधी चौक इथे त्यांच्या वाट्याला येतो वळणारा टेम्पो, अचानक थांबणारा ऑटो आणि धाडकन उघडणारे कारचे दार. वेग कमी असतो म्हणून मृत्यू कमी, पण मनगट आणि हासळीचे हाड मोडून आलेली मुले आपल्याच टेबलावर येतात. सायकलस्वारांची संख्या दुप्पट झाली तर इजा दुप्पट होत नाहीत, साधारण एक तृतीयांशाने वाढतात आणि दर माणशी धोका तितकाच घटतो, असे संशोधक जेकबसन यांनी २००३ साली दाखवले होते. चालकाची नजर सायकलीला सरावते, असे त्याचे स्पष्टीकरण. लातूरच्या मुलांची ही झुंड म्हणूनच टिकायला हवी. पालक एकेकाला स्कूटी घेऊन देत गेले, तर उरलेल्यांचा धोका वाढतो.

नांदेडकडे तर याहून मोठी गोष्ट होती. गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, २००८ च्या ऑक्टोबरच्या आधी, जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेतून शहराचे रस्ते नव्याने आखले गेले. दिल्लीचे वास्तुरचनाकार प्रदीप सचदेवा यांच्या कार्यालयाने केलेल्या त्या आखणीत रुंद पदपथ होते, झाडे होती आणि सायकलीसाठी वेगळी पट्टी होती. मध्यम आकाराच्या भारतीय शहराने हे करून दाखवले म्हणून देशभरच्या नगररचनाकारांत नांदेडचे नाव घेतले जाऊ लागले. आणि आपण? त्या पट्ट्यांवर ठिकठिकाणी आता गाड्या उभ्या असतात. त्यांतल्या काही आपल्या रुग्णांच्या आहेत, काही आपल्या. दवाखान्यासमोर पार्किंगची सोय नाही, ही अडचण खरी आहे. तरीही ‘रोज अर्धा तास सायकल चालवा’ असे लिहिलेला कागद घेऊन रुग्ण बाहेर येतो आणि त्याच्या पट्टीवर डॉक्टरची मोटार उभी दिसते, हे फारच झाले.

आपल्या व्यवसायाला सायकलीचे वावडे नाही. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ २०१५ साली पूर्ण करणारे नाशिकचे महाजन बंधू डॉक्टर, आणि २०१७ साली ती एकट्याने पूर्ण करणारे नागपूरचे अमित समर्थही डॉक्टर. त्यांच्यामुळे आपल्या गावांतही रविवारी पहाटे हेल्मेट घातलेल्या सायकली दिसू लागल्या. छान आहे. पण त्या सायकली आणि मार्केट यार्डातल्या हमालाची किंवा रात्रपाळीच्या वॉचमनची सायकल यांना आपण एकाच मापाने मोजतो. दिवसभर पोती वाहणाऱ्याला सायकल हा व्यायाम म्हणून सांगण्याची गरज नाही. त्याला मागचा लाल दिवा हवा आहे. पूर्वी दिवा नसलेली सायकल पोलीस अडवत आणि हवा सोडत. तो जाच गेला, तसा दिवाही गेला.

हेल्मेटबद्दल वाद पुष्कळ झाले. डोक्याच्या गंभीर इजेत ते साधारण दोन तृतीयांशाने घट करते, हा २०१६ च्या संकलित विश्लेषणाचा निष्कर्ष पक्का मानायला हरकत नाही. ज्याला परवडते त्याने घालावे. पण उसाच्या ट्रॉलीपुढे ते काही करू शकत नाही, आणि मराठवाड्याच्या मे महिन्यात ते डोक्यावर ठेवा असे सांगून पाहावे. दोनशे रुपयांच्या आत मिळणारा लुकलुकणारा दिवा आणि मडगार्डवर रिफ्लेक्टर टेप यांवर मी जास्त भर देईन.

शेवटी आपल्या स्वतःच्या कागदांविषयी. अपघात होऊन आलेल्या सायकलस्वाराच्या केसपेपरवर आपण ‘आरटीए’ एवढेच लिहितो, किंवा त्याहून वाईट म्हणजे ‘सायकलवरून पडून’. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात सायकलस्वारांच्या इजांना व्ही १० ते व्ही १९ असे स्वतंत्र संकेत आहेत : दुचाकीची धडक वेगळी, कारची वेगळी, ट्रक-बसची वेगळी, आणि कोणाचीही धडक नसताना पडला तर तेही वेगळे. हा तपशील आपण भरला नाही, तर कोणत्या चौकात काय बदलायचे हे महापालिकेला कोण सांगणार? रुग्णासाठी तर त्याची किंमत रोख आहे. मे २०२५ पासूनच्या केंद्राच्या रोकडरहित उपचार योजनेत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार मिळतात, पण अपघात मोटार वाहनामुळे झालेला असावा लागतो. वाहन पळून गेले असेल तर १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजारांची भरपाई आहे. दोष कोणाचा हे ठरवणे आपले काम नाही. आणणाऱ्याने जे सांगितले ते त्याच्याच शब्दांत, वेळ, जागा आणि वाहनाच्या प्रकारासह एमएलसीत उतरवणे मात्र आपले आहे. ‘मागून जीप आली आणि धक्का देऊन गेली’ हे वाक्य त्या रात्री कागदावर आले नाही, तर पुढे दावा दाखल करताना ते कुठून आणायचे, हे त्या कुटुंबातल्या कोणालाच ठाऊक नसते.