शहाण्या घराचे परावलंबन

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई महानगराची वीज गेली. कळवा-पडघा भागातील उच्चदाब वाहिन्या बंद पडल्या आणि लोकलगाड्या रुळांवरच उभ्या राहिल्या. बाहेरचे जाळे कोसळले तर मुंबईला त्यापासून अलग करून तिच्या हक्काच्या वीजकेंद्रांवर जगविण्याची योजना अनेक वर्षांपासून सिद्ध होती. ऐन वेळी ती तगली नाही. शहराला जो धडा त्या दिवशी मिळाला, तो आपल्या घरांना मात्र अद्याप मिळावयाचा आहे.

आज नवी सदनिका घेणाऱ्याला किल्लीविना उघडणारे कुलूप आणि हाकेसरशी लागणारे दिवे यांचा मोह पडतो. सोयीला नावे ठेवण्याचे कारण नाही. वृद्धांना व अपंगांना ती वरदानच आहे. परंतु यांपैकी पुष्कळ वस्तूंची बुद्धी घरात नसते. दिवा लावण्याची आज्ञा राउटरमधून दूरच्या सर्व्हरकडे जाते आणि तेथून परत येऊन चार हातांवरचा दिवा लावते. म्हणूनच घरात इन्व्हर्टर आहे, दिव्याला वीजही आहे, पण राउटर बंद असल्यामुळे दिवा आज्ञा मानीत नाही, असा चमत्कारिक प्रसंग ओढवतो.

छतावरील सौर पट्ट्यांविषयीही असाच गैरसमज आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेने अशा यंत्रणांना मोठी चालना दिली. तथापि केवळ ग्रिडला जोडलेली यंत्रणा ग्रिड बंद पडताच आपणही बंद होते. दुरुस्ती करणाऱ्या कामगाराचा जीव धोक्यात येऊ नये म्हणून ते योग्यच आहे. परंतु भर दुपारी, डोक्यावर सूर्य तळपत असता, घर विजेविना राहते. बॅटरीसह चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर घेतल्याखेरीज यावर उपाय नाही, हे ग्राहकाला आधीच सांगितले गेले पाहिजे.

मुंबईत वीज क्वचितच जाते, मग एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन व पोर्तुगाल हे दोन्ही देश काही सेकंदांत विजेविना झाले. पुढे काही तासांत अनेक ठिकाणी मोबाइल सेवाही लोपली. तेथेही वीज क्वचितच जात होती.

उपाय मात्र फार खर्चाचे नाहीत. पहिला, सारे घर चालविण्याचा हव्यास सोडणे. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १८०० वॅट-तास वीज साठते. हाती येते ती त्याहून कमी. दीड टनी वातानुकूलक त्यावर तासभर धड चालणार नाही. तीच वीज पाच एलईडी दिवे, दोन कमी विजेचे पंखे आणि राउटर यांना, म्हणजे सुमारे सव्वाशे वॅटच्या भाराला, दहा तास पुरेल. दुसरा, दिव्यांचे नियंत्रण घरातल्या घरात, इंटरनेटविना चालेल अशीच साधने निवडणे. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, प्रत्येक कुलपाला किल्ली आणि प्रत्येक दिव्याला भिंतीवरचे बटण असलेच पाहिजे. घरी प्राणवायूच्या यंत्रावर असलेल्या रुग्णासाठी तर स्वतंत्र बॅटरी वा भरलेले सिलिंडर ही चैन नसून गरज आहे.

परंतु सारा भार ग्राहकावर टाकून भागणार नाही. आपली वस्तू वीज व इंटरनेट गेल्यावर काय करते आणि काय करीत नाही, हे उत्पादकाने खोक्यावर ठळक छापावे, असा नियम सरकारने केला पाहिजे. बांधकाम व्यावसायिकांनाही सदनिका विकताना तोच दंडक लागू व्हावा. अंधारात ज्याचे दार मालकालाच उघडत नाही, त्या घराला शहाणे कसे म्हणावे?