अकलेचे स्टार

स्टार हा शब्द इंग्रज जाताना इथेच टाकून गेले आणि आपण तो उचलून वाटेल तिथे चिकटवला, अशी माझी स्पष्ट तक्रार आहे. खुद्द इंग्रजांचाही या शब्दावर ताबा नव्हताच म्हणा! त्यांचा मॉर्निंग स्टार म्हणजे शुक्र. म्हणजे चक्क ग्रह. शूटिंग स्टार ही उल्का. वाटाण्याएवढा खडा हवेत जळून जातो, झालं. स्टारफिश तर स्टारही नव्हे आणि फिशही नव्हे. उलट जो खराखुरा तारा रोज सकाळी खिडकीतून आत येतो, त्या सूर्याला कोणी चुकूनसुद्धा स्टार म्हणत नाही.

मराठीने मात्र ताऱ्यांना पहिल्यापासून धाकात ठेवले होते. कोणी तोंडाला येईल ते बरळला, की त्याने अकलेचे तारे तोडले. थोबाडीत बसली, की दिवसा तारे दिसले. एवढ्यावर छान भागत होते. मग सिनेमा आला. नटीची तारका झाली, पण नटाचा तारा काही होईना. तारा हे आमच्याकडे मावशीचे नाव! म्हणून तो स्टार. १९६९ च्या 'आराधना'नंतर राजेश खन्ना सुपरस्टार झाला आणि तेव्हापासून नुसता स्टार म्हणजे दुय्यम माल.

मग काय, हॉटेलच्या पाटीवर पाच, फौजदाराच्या खांद्यावर दोन. २००६ नंतर तर फ्रिजलाही तारे लागले. लोकसभेतल्या तारांकित प्रश्नाबद्दल माझे काही म्हणणे नाही. त्याला मंत्र्याला उभे राहून तोंडी उत्तर द्यावे लागते, वर उपप्रश्न आहेतच. तारा असावा तर असा! पण जाहिरातीतल्या 'फुकट' या शब्दाच्या डोक्यावर बसलेला तो बारीक तारा? त्याचा माग काढत तळाशी जावे, तर मुंगीच्या अक्षरात लिहिलेले असते, 'अटी लागू'. पूर्वी खलाशी तारा पाहून किनाऱ्याला लागत. हा तारा पाहून आपण बुडतो.

तेही सोसले असते. पण परवा भर पावसात एक पोरगा जेवण घेऊन चार जिने चढून आला. लिफ्ट बंद. अंगावरून पाणी निथळतंय, पिशवी मात्र कोरडी. म्हणाला, "काका, तेवढे पाच स्टार द्या ना. कमी पडले की काम कमी मिळतं."

ताऱ्याला स्वतःचा प्रकाश असतो, असे आम्हाला शाळेत शिकवले होते. तो कोणाकडे मागावा लागत नाही, म्हणून तर तो तारा! आणि इथे चार जिने चढून आलेल्याचे तेज मी कोचावर बसून अंगठ्याने मोजायचे? हा अधिकार मला दिला कोणी?

शेजारच्या गृहस्थांना मात्र हा अधिकार फार आवडतो. त्यांनी याच पोराला दोन तारे दिले. कारण काय, तर भजी मऊ पडली होती. अहो, भजी तळली कोणी, भिजला कोण आणि तारे कापले कोणाचे! हे गृहस्थ पस्तीस वर्षे एका कचेरीच्या खिडकीमागे 'जेवणाची सुट्टी'ची पाटी लावून बसत. त्यांच्या कामाला कोणी तारे द्यायला निघाला असता, तर ते शोधायला दुर्बीण लागली असती.