इंजेक्शन थांबले म्हणजे आशा सोडली असे नाही

आयसीयूच्या दारापुढे बसलेल्या घरच्यांच्या काळजात दोन वाक्ये धडकी भरवतात. पहिले म्हणजे, "पेशंटला सेप्सिस झाला आहे." आणि पाच-सहा दिवसांनी दुसरे, "आजपासून अँटिबायोटिक बंद करतोय." पहिल्याची भीती रास्तच आहे. दुसऱ्या वाक्यावर मात्र बाकावर कुजबुज सुरू होते. दादीजान अजून नीट उठून बसत नाहीत, मग औषध का थांबवले? डॉक्टरांनी हात टेकले की काय? यावेळी आपण या दुसऱ्या वाक्याबद्दल बोलू.

आधी सेप्सिस म्हणजे काय ते पाहू. न्यूमोनिया, लघवीच्या मार्गातला संसर्ग, पोटातला पू, मधुमेह असलेल्याच्या पायाची चिघळलेली जखम, यांपैकी कशातूनही तो उद्भवू शकतो. जंतूंशी लढणारी शरीराची यंत्रणाच बेताल होते आणि स्वतःच्या अवयवांना इजा करू लागते. धाप लागते, रुग्ण असंबद्ध बोलतो किंवा ग्लानीत जातो, लघवी कमी होते, हातपाय गार पडतात. अशा वेळी "सकाळी बघू" म्हणायचे नसते. रक्तदाब कोसळला असेल, तर शक्यतो तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावे, असे या विषयाचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन सांगते. तिथे कुठल्याही तपासणीच्या आकड्यासाठी थांबायचे नसते.

प्रश्न येतो तो थांबवण्याचा. सात दिवस, दहा दिवस, चौदा दिवस असे ठोकताळे वर्षानुवर्षे चालत आले. पण कुणाचा संसर्ग पाच दिवसांत आटोक्यात येतो, तर कुणाचा दहा दिवसांतही येत नाही. हे कळावे कसे?

इथे रक्ताची एक तपासणी मदतीला येते. तिचे नाव प्रोकॅल्सिटोनिन, फाइलवर 'पीसीटी' असे लिहिलेले असते. हे एक प्रथिन आहे. निरोगी माणसाच्या रक्तात ते जवळजवळ नसतेच. बॅक्टेरियाचा गंभीर संसर्ग झाला की शरीराच्या अनेक भागांत ते तयार होऊ लागते आणि काही तासांतच रक्तातले प्रमाण चढते. संसर्ग आटोक्यात आला की ते साधारण दिवसाला निम्मे या वेगाने उतरते. संसर्गाशी त्याचा हा संबंध १९९३ साली फ्रान्समधील संशोधकांनी दाखवून दिला. सीआरपी ही आपल्या ओळखीची तपासणीही सूज आणि संसर्गाचीच खूण देते, पण ती सावकाश चढते आणि सावकाश उतरते.

आम्ही शिक्षक एका चाचणीच्या गुणांवरून मुलाची पारख करत नाही, वर्षभराची चढउतार पाहतो. पीसीटीचेही तसेच आहे. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा रोजचा उतार जास्त बोलका असतो.

नेदरलँड्समधील १५ रुग्णालयांच्या आयसीयूंमध्ये दीड हजारांहून अधिक रुग्णांवर याची पारख झाली. पीसीटी सर्वोच्च आकड्यापेक्षा ८० टक्के उतरला किंवा ०.५ वर आला, की औषध थांबवण्याचा सल्ला दिला जाई. तो डॉक्टरांवर बंधनकारक नव्हता. २०१६ साली निष्कर्ष आला. औषधाचा मध्यम कालावधी ७ दिवसांवरून ५ दिवसांवर आला आणि २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांवरून सुमारे २० टक्क्यांवर आले.

ब्रिटनमध्ये ४१ आयसीयूंमधील २,७६० सेप्सिसच्या रुग्णांवर झालेला अभ्यास २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. तिथे पीसीटीमुळे औषध सुमारे एक दिवसाने कमी झाले. २८ दिवसांतले मृत्यू पीसीटी गटात २०.९ टक्के, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात १९.४ टक्के होते. हा फरक आधी ठरवलेल्या सुरक्षिततेच्या मर्यादेत बसला. सीआरपीच्या आधाराने मात्र औषधाचे दिवस कमी झाले नाहीत. म्हणजे ही जादूची कांडी नाही, पण थांबण्याचा निर्णय अंदाजाने न घेता आधाराने घेता येतो, हे दिसले.

एक दिवस वाचला तर काय मोठेसे, असे कुणी म्हणेल. या औषधांनी पोटातले उपयोगी जंतूही मरतात, जीवघेणे जुलाब होऊ शकतात, काही औषधे मूत्रपिंडावर ताण आणतात. शिवाय जितका वापर जास्त, तितके जंतू निर्ढावतात. मग पुढच्या खाटेवरच्या रुग्णाला तेच औषध लागू पडत नाही. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपल्याला ठाऊक आहे. औषध ही तर सगळ्या समाजाची अमानत. तिथे इसराफ कसा चालेल?

या तपासणीच्या मर्यादाही लक्षात घ्याव्यात. मोठे ऑपरेशन, भाजणे, गंभीर अपघात यांनंतर संसर्ग नसतानाही पीसीटी चढतो. मूत्रपिंड निकामी असल्यास आकडा फसवू शकतो. हृदयाच्या झडपेचा किंवा हाडाचा संसर्ग आणि टीबी यांत औषध ठरलेला दीर्घ काळ घ्यावेच लागते. ही तपासणी सीआरपीपेक्षा बरीच महाग आहे आणि ती सगळीकडे होत नाही. म्हणून आकड्यासोबत ताप, रक्तदाब, श्वास आणि रुग्णाची एकूण हालत पाहूनच डॉक्टर ठरवतात.

तेव्हा औषध बंद झाले की घाबरून भांडू नका आणि गप्पही बसू नका. अदबीने विचारा: संसर्ग कुठे होता? आता तो आटोक्यात आला आहे का? आकडा उतरतो आहे का? पुन्हा ताप आला तर काय करणार? समंजस डॉक्टर अशा प्रश्नांचा राग मानत नाहीत. आणि सलाईन, ऑक्सिजन, देखभाल चालूच असते, हे घरातल्या बाकीच्यांनाही समजावून सांगा.

मात्र याचा उलटा अर्थ कुणी काढू नये. बरे वाटले म्हणून घरी स्वतःच्या मनाने गोळ्या थांबवणे वेगळे. तिथे ना तपासणी असते, ना नजर ठेवणारा डॉक्टर. पाकिटावर लाल उभी रेघ असलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही आणि उरलेल्या गोळ्या शेजारच्या खालाजानला द्यायच्या नाहीत. सुरू करणे आणि थांबवणे, दोन्ही डॉक्टरांना विचारूनच. शिफा देणारा अल्लाह आहे, पण त्याने दिलेले औषध जपून वापरणे आपल्या हातात आहे.