साडेअकरा वर्षांचा हिशेब

लोहा तालुक्यातून एका आईचे पत्र आले आहे. मुलगी लातूरला राहून ‘नीट’ची तयारी करते. गेल्या हंगामात कापसावर फवारताना तिच्या चुलत्याला विषबाधा झाली. नांदेडला आठ दिवस श्वासाच्या यंत्रावर राहून तो घरी आला. तेव्हापासून मुलगी म्हणते, मला अतिदक्षता विभागाचीच डॉक्टर व्हायचे. आई विचारते, वर्षे किती लागतील आणि पोरीच्या जातीला झेपेल का?

वर्षांचे आधी पाहू. एम.बी.बी.एस. साडेचार वर्षे, वर एक वर्ष दवाखान्यात उमेदवारी. मग मेडिसीन किंवा भूलशास्त्रात एम.डी., तीन वर्षे. त्यापुढे अतिदक्षतेची डी.एम., आणखी तीन. झाली साडेअकरा; वाटेत प्रवेशपरीक्षा आहेत, त्या वेगळ्याच. मात्र उमेदवारीपासून विद्यावेतन सुरू होते. नांदेड, लातूर, अंबाजोगाई तिन्हीकडे सरकारी कॉलेज आहे. तेव्हा खाजगी जागेसाठी रान विकायची घाई नको. एखादे वर्ष पुन्हा परीक्षा दिली तर बिघडत नाही.

आता कामाचे. यंत्र माणसाला बरे करीत नाही, सवड देते. फवारणीच्या काही औषधांनी छातीत पाणी साचते, श्वासाचे स्नायू ढिले पडतात. छाती कोरडी होईपर्यंत ॲट्रोपिन पुन्हा पुन्हा द्यावे लागते. किती आणि केव्हा, हे उशाशी थांबणाराच ठरवतो.

डॉ. हिम्मतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, गरीब घरचे. महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात असताना विंचूदंशाने माणसे दगावताना त्यांनी पाहिली. रोग्याजवळ बसून एकेक लक्षण टिपले, आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन या दंशावर लागू पडते हे दाखवून दिले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सुरुवात झाली तेव्हा हाताशी मोठी यंत्रे नव्हती.

झेपेल का, म्हणता? आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढायचे काम आपल्या घरांत आजवर कोणी केले, बाई? जड जाते ते दुसरेच. माणूस वाचणार नाही, हे दाराबाहेर बसलेल्या त्याच्या आईला सांगावे लागते. तेवढे मुलीशी एकदा मोकळेपणी बोला.

आणि तिच्या चुलत्यांना सांगा, औषधाच्या डब्यावरची चिठ्ठी फाडू नये. पुन्हा कोणाला बाधा झालीच तर तो डबाही दवाखान्यात न्यावा. विष कोणते, हे डॉक्टरला त्यावरून चटकन कळते.