ब्रेक्झिटचा तोटा कोरोनाच्या खात्यावर

३१ जानेवारी २०२० या एकाच दिवसाची ब्रिटनच्या वहीत दोनदा नोंद झाली आहे. त्या रात्री अकरा वाजता तो देश युरोपीय संघातून अधिकृतपणे बाहेर पडला, आणि त्याच दिवशी देशात कोरोनाचे पहिले दोन रुग्ण आढळल्याचे सरकारने जाहीर केले. तेव्हापासून एक प्रश्न वारंवार विचारला जातो, की महामारीने ब्रेक्झिटविषयी तेथील लोकांचे मत बदलले काय? आमचे म्हणणे असे की, कोरोनाने मत फारसे बदलले नाही. त्याने दोनेक वर्षे तोटा झाकून मात्र ठेवला, आणि ते झाकण निघाल्यावर मत बदलू लागले.

हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. रत्नागिरी-रायगडकडील कितीतरी मुस्लिम घरांतील माणसे इंग्लंडात आहेत, आणि आपल्याकडचे कपडे व चामड्याचा माल तेथे जातो. शिवाय सरकारी निर्णयाचा तोटा आणि आस्मानी संकटाचा तोटा एकाच खात्यावर चढवला गेला की काय होते, हे व्यापाऱ्याइतके कोणास कळणार?

प्रथम थोडी पार्श्वभूमी. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के लोकांनी संघ सोडण्याच्या बाजूने आणि ४८.१ टक्के लोकांनी राहण्याच्या बाजूने कौल दिला. मुस्लिम मतदारांचा मोठा भाग राहण्याच्या बाजूचा होता, असे त्या वेळच्या चाचण्या सांगतात. तरीही बर्मिंगहॅम, ब्रॅडफर्ड, लूटन या मोठी मुस्लिम वस्ती असलेल्या शहरांत एकूण कौल सोडण्याचाच निघाला. प्रत्यक्ष व्यापाराचे नियम मात्र लगेच बदलले नाहीत. ३१ डिसेंबर २०२० पर्यंत संक्रमणकाळ होता. म्हणजे दुकानदाराला ब्रेक्झिटची झळ लागायची ती जानेवारी २०२१ मध्ये, आणि तेव्हा तर अर्धे दुकान लॉकडाऊनने बंदच होते.

येथेच हिशेबाचा घोळ सुरू झाला. डिसेंबर २०२० मध्ये कोरोनाचा नवा प्रकार सापडला म्हणून फ्रान्सने ४८ तासांसाठी सीमा बंद केली आणि केंट परगण्यात हजारो मालमोटारी अडकल्या. ही रांग कोरोनाची. जानेवारीत ब्रिटनची युरोपकडे होणारी मालाची निर्यात आदल्या महिन्याच्या मानाने ४०.७ टक्क्यांनी घसरली. ही घसरण कोणाची? काही कोरोनाची, काही आधीच साठा करून ठेवल्यामुळे, आणि बरीच नव्या कागदपत्रांची. सरकारने सांगितले, सुरुवातीच्या अडचणी आहेत. विरोधकांनी सारा दोष ब्रेक्झिटला दिला. दोघांचेही अर्धे खरे होते, म्हणून कोणाचेच कोणाला पटले नाही.

आपल्याकडे भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागवाल्यास विचारून पाहा. २०१६ ची नोटबंदी, २०१७ चा जीएसटी आणि २०२० चा लॉकडाऊन यांपैकी कोणामुळे किती माग बंद पडले, हे त्यालाही धड वेगळे काढून सांगता येत नाही. आणि जे वेगळे सांगता येत नाही त्याचा जाब कोणाला विचारणार?

उलट कोरोनाने ब्रेक्झिटला काही काळ भाव मिळवून दिला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ब्रिटनने युरोपच्या सामाईक लसखरेदीत सामील न होता स्वतःची खरेदी केली. २ डिसेंबर २०२० रोजी तेथील औषध नियंत्रकाने फायझरच्या लसीस तातडीची परवानगी दिली आणि ८ डिसेंबरला कॉव्हेंट्रीत पहिली लस टोचली गेली. युरोपची परवानगी २१ डिसेंबरला आली. हे ब्रेक्झिटमुळेच झाले, असे मंत्री सांगू लागले. वास्तविक त्या दिवशी संक्रमणकाळ चालू होता, आणि तातडीची परवानगी देण्याची ती मुभा युरोपीय कायद्यातच होती. पण सामान्य माणूस कायद्याचे कलम पाहत नाही. आपल्या आईला लस मिळाली आणि पॅरिसच्या म्हाताऱ्यास मिळाली नाही, एवढे तो पाहतो. बर्मिंगहॅममध्ये मशिदीत लसीकरण केंद्र उघडले होते, तेथे रांगेत उभ्या असलेल्यांपैकी अनेकांच्या मनात हाच विचार आला असेल तर नवल नाही. (आपल्या पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेले ५० लाख डोसही मार्च २०२१ पर्यंत तिकडे गेले होते.) त्यातच २९ जानेवारी २०२१ रोजी युरोपीय आयोगाने लसींच्या भांडणापायी उत्तर आयर्लंडच्या सीमेवरील विशेष कलम वापरण्याचे जाहीर केले आणि काही तासांतच माघार घेतली. युरोपविरोधकांना आयते कोलीत मिळाले. 'ब्रेक्झिटचा निर्णय बरोबर की चूक' हा प्रश्न वर्षानुवर्षे विचारणाऱ्या यूगव्ह संस्थेच्या चाचण्यांत २०२१ च्या वसंत ऋतूत दोन्ही पारडी जवळजवळ बरोबरीस आली होती. तोपर्यंत कित्येक वर्षे 'चूक' म्हणणारे पुढे होते.

मग पारडे फिरले कसे? आमच्या मते त्याचे उत्तर इंग्लंडातील करी-हॉटेलांकडे पाहिले म्हणजे मिळते. तिकडे 'इंडियन' म्हणून ओळखली जाणारी बहुसंख्य हॉटेले सिल्हेटकडील बांगलादेशी मुसलमानांची आहेत. स्वयंपाकी मिळत नाहीत ही त्यांची जुनी तक्रार. २०१६ मध्ये सोडण्याच्या बाजूच्या पुढाऱ्यांनी, त्यांत तेव्हाच्या मंत्री प्रीती पटेल होत्या, या मालकांना सांगितले की युरोपचे मजूर येणे थांबले म्हणजे दक्षिण आशियातील कुशल स्वयंपाक्यांना दार उघडता येईल. या धंद्यातील काही पुढारी त्यावर विसंबून सोडण्याच्या बाजूला गेले. आम्ही त्यांना दोष देत नाही. गरजवंताला जो वाट दाखवील त्याचे तो ऐकतोच.

पुढे काय झाले? जानेवारी २०२१ मध्ये युरोपातून मुक्तपणे येणारे वाढपी आणि भांडी घासणारे थांबले. पण हॉटेल बंद असल्यामुळे ते जाणवलेच नाही. घरी बसलेल्या कामगाराला सरकार पगाराचे ८० टक्के, महिन्याला २,५०० पौंडांपर्यंत, देत होते. हॉटेलांवरील व्हॅट ५ टक्क्यांवर आणला होता. ऑगस्ट २०२० मध्ये तर सोमवार ते बुधवार गिऱ्हाइकाचे अर्धे बिल, माणशी १० पौंडांपर्यंत, सरकारनेच भरले. उन्हाळ्यात निर्बंध उठले, ३० सप्टेंबर २०२१ रोजी पगाराची मदत संपली, आणि मग मालकाने स्वयंपाकघरात पाहिले तर माणूस नाही. पोर्तुगालचा वाढपी घरी गेला तो परतला नव्हता, आणि सिल्हेटचा स्वयंपाकी यायचा तर त्याला पगार इतका दाखवावा लागे की छोट्या हॉटेलाचा सारा नफा त्यातच जावा. एप्रिल २०२४ पासून तर कुशल कामगाराच्या व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला ३८,७०० पौंड झाली. दार उघडण्याचे वचन असे पुरे झाले.

त्याच सप्टेंबरात पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. पेट्रोल होते, पण टँकर चालवणारे अपुरे. म्हातारे चालक निवृत्त झाले, कोरोनात परवान्याच्या परीक्षा थांबल्या आणि पूर्व युरोपातले चालक आपापल्या देशी गेले, अशी कारणे तेथेही मिसळलेलीच होती. तरी सरकारला परदेशी चालकांसाठी ५,००० तात्पुरते व्हिसा जाहीर करावे लागले, ही गोष्ट लोकांच्या डोळ्यांत भरली. पुढच्या महिन्यात सरकारच्याच अर्थसंकल्पावर देखरेख करणाऱ्या कचेरीच्या प्रमुखांनी सांगून टाकले की, दीर्घकाळात ब्रेक्झिटने राष्ट्रीय उत्पन्न सुमारे ४ टक्क्यांनी घटेल आणि महामारीने आणखी सुमारे २ टक्क्यांनी. हा अंदाज आहे, त्यावर वाद आहेत. पण दोन खाती प्रथमच वेगवेगळी मांडली गेली.

यात छोटा व्यापारी सर्वांत आधी सापडला. युरोपशी झालेल्या करारात मालावर जकात नाही, असे मोठ्याने सांगितले गेले. (ही जकात सीमेवरची, आपल्या फर्ज जकातीशी तिचा संबंध नाही, मराठीत हा नावाचा गोंधळ जुनाच आहे.) परंतु ती सवलत मूळ ब्रिटनमध्ये तयार झालेल्या मालालाच होती. मँचेस्टर वा लेस्टरच्या आशियाई घाऊक व्यापाऱ्याने भारतातून कपडे आणले, तेथे आयातशुल्क भरले आणि तीच गाठ फ्रान्सच्या दुकानदाराला विकली, तर युरोपच्या सीमेवर पुन्हा शुल्क. मांस-मासळी असेल तर प्रत्येक खेपेला पशुवैद्यकाच्या सहीचा दाखला. एका मालमोटारीत दहा जणांचा पार्ट लोड असेल आणि एकाच्या कागदात चूक निघाली, तर दहाही जणांचा माल सडत उभा. मोठ्या कंपनीने चार कारकून ठेवले आणि काम चालू ठेवले. लहानाने युरोपचे गिऱ्हाईकच सोडले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी २०२४ च्या अखेरीस काढलेल्या अंदाजानुसार सुमारे १६,४०० व्यवसायांनी युरोपला माल पाठवणे बंद केले. लंडनच्या वकील, सल्लागार, हिशेबनीस मंडळींच्या सेवांची निर्यात मात्र वाढत राहिली.

आता आकडे पाहा. नोव्हेंबर २०२२ मध्ये यूगव्हला ५६ टक्के लोकांनी निर्णय चूक म्हटले, बरोबर म्हणणारे ३२ टक्के. तोवर कोरोना ओसरला होता आणि महागाई चढली होती. मात्र यावरून सारे सोडणारे पस्तावले, असे कोणी समजू नये. त्यांच्यापैकी पाचांत एखादाच चूक कबूल करत होता. बाकीचा फरक पडला तो २०१६ साली ज्यांनी मत दिले नव्हते किंवा ज्यांचे वयच नव्हते अशांमुळे. पक्क्या मताचा माणूस महामारीनेही हलत नाही. सोडण्याच्या मोहिमेचे म्होरके बोरिस जॉन्सन एप्रिल २०२० मध्ये स्वतः अतिदक्षता विभागात होते. रात्रंदिवस त्यांच्या उशाशी राहणाऱ्या ज्या दोन परिचारकांचे त्यांनी नाव घेऊन आभार मानले, त्यांतला एक पोर्तुगालचा होता. आभार मनापासूनचे होते, यात आम्हाला शंका नाही. पण युरोपच्या माणसांची मुक्त ये-जा त्याच वर्षअखेर त्यांच्याच सरकारने बंद केली.

परदेशी लोक कमी व्हावेत म्हणून ज्यांनी मत दिले त्यांचीही निराशा झाली, ती वेगळ्या कारणाने. २०२३ च्या सुमारास वर्षाकाठी निव्वळ स्थलांतर नऊ लाखांवर गेले, आणि येणाऱ्यांत युरोपचे कमी, भारत-नायजेरियाचे जास्त. हा राग आज तेथील आशियाई दुकानदाराच्या दारावर येऊन थडकतो, म्हणून मत बदलले याचा आनंद मानावा की नाही, हा आम्हाला प्रश्नच आहे. ब्रेक्झिटवर नाराज असलेला प्रत्येक जण युरोपवर प्रसन्न आहे, असे मुळीच नाही.

जुलै २०२४ मध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाने निवडणुकीतच सांगितले होते की, युरोपचा एकल बाजार किंवा जकातसंघ यांत परत जाणार नाही. १९ मे २०२५ रोजी लंडनमध्ये युरोपशी जो समझोता झाला त्यात मांस, दूध, भाजीपाला यांच्या तपासण्या व दाखले कमी करण्याची दिशा ठरली. त्या बदल्यात त्या मालापुरते नियम युरोपचेच पाळायचे आणि युरोपच्या नौकांना २०३८ पर्यंत ब्रिटनच्या समुद्रात मासेमारी करू द्यायची. मासळीवाल्याला आणि खाटकाला याचा उपयोग होईल. कपड्याची गाठ फ्रान्सला विकणाऱ्या लेस्टरच्या व्यापाऱ्याचा मूळ देशाच्या दाखल्याचा पेच मात्र या समझोत्यात सुटलेला नाही.